दत्तक वारस नामंजूर

आमच्या घरात दत्तक हा दबक्या आवाजात बोलायचा शब्द नव्हता. मी दत्तक आहे हे मला कोणी आणि केव्हा सांगितलं ते आठवत नाही. माझं नाव नंदा आहे हे जसं माहीत होतं, तसंच तेही माहीत होतं. कुळीथ निवडायला बसली की आई शेजारणीला सहज सांगून टाकायची, ‘नंदा माझ्या बहिणीची. रांगायलासुद्धा लागली नव्हती, तेव्हा तिनं माझ्या ओटीत घातली.’ ही बहीण म्हणजे माझी मावशी. ती कुडाळच्या पलीकडे एका लहानशा गावात राहायची. तिला माझ्याआधी दोन मुली होत्या, आणि आईच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. मे महिन्यात गावी गेलो की मावशी मला न्हाऊ घालायची, केसांना नारळाचं दूध चोळायची, आणि निघताना एसटीच्या खिडकीशी उभी राहून रडायची. माझ्या त्या दोन बहिणी रडायच्या नाहीत, मला वाकुल्या दाखवायच्या. मावश्या अशा रडतातच, अशी माझी समजूत होती. एवढं सोपं होतं सगळं. ते अवघड झालं आठवीत, इतिहासाच्या तासाला.

आमचं घर घाटकोपरला, पंतनगरच्या कॉलनीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि मागच्या दाराबाहेर आईनं अडवलेला हातभर जमिनीचा तुकडा. त्यात अळू, एक कढीलिंब आणि कधीच न फुललेली अबोली. पहाटे पाणी यायच्या आधी नळ म्हाताऱ्यासारखा खाकरायचा, तो आवाज आला की अख्खी कॉलनी कळश्या घेऊन उठायची. मग स्टोव्हला पंप मारायचा आवाज, आणि पाठोपाठ त्याची ती भणभण. आमच्या स्टोव्हचा आवाज एवढा मोठा होता की तो पेटलेला असताना आईशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या सगळ्या गोंधळात त्या स्टोव्हचाही हात आहे. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, सुका बांगडा भाजला की शेजारच्या गुजराती बाईंची धाडकन बंद होणारी खिडकी, आणि संध्याकाळी बाबांसाठी उकड्या तांदळाची पेज.

बाबा आधी परळच्या गिरणीत होते. संप लांबला, गिरणी काही उघडली नाही, आणि बाबा मरोळच्या एका कारखान्यात लेथवर लागले. असल्फ्यावरून, साकीनाक्यावरून बस जायची. घरी आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास असायचा, आणि तो किस काढायला आई त्यांचा शर्ट मागच्या दारी झटकायची. बाबा अबोल होते. त्यांचं प्रेम म्हणजे पेजेतला मऊ भात माझ्या वाटीत सारणं, एवढंच. पण त्या वर्षी ते पेजही अर्धी ठेवू लागले. जेवता जेवता हात पोटावर जायचा. सोडा पिऊन बघितला, कोकमाचं पाणी पिऊन बघितलं, वैद्याच्या पुड्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याला जखम आहे, ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. आई तो नीट म्हणायचीही नाही, ‘आप्रेशन’ म्हणायची आणि म्हटल्यावर देवाकडे बघायची.

त्याच दिवसांत आम्हाला इतिहास शिकवायला कर्णिक बाई आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, आणि पुस्तक न उघडता शिकवणाऱ्या. त्यांनी भिंतीवर जुना नकाशा टांगला आणि पट्टीनं एकेक संस्थान दाखवलं. सातारा, नागपूर, झाशी. ‘संस्थान म्हणजे काय? त्या काळचे ते देशच. त्यांचे राजे, त्यांची फौज, त्यांची नाणी. आणि कंपनी सरकारनं ते खालसा केले. आता मला सांगा, जिंकणं आणि खालसा करणं यात फरक काय?’ उत्तर बाईंनीच दिलं, ‘जिंकायला लढावं लागतं. खालसा करायला नुसतं कारण लागतं. आधी म्हणायचं, तुमच्या रक्षणासाठी आमची फौज तुमच्याकडे ठेवा. तिला खायला तुम्ही घाला. मग आमचा एक माणूस तुमच्या दरबारात बसवा, तो तुम्हाला सल्ला देईल. मग एक दिवस राजा आजारी पडतो.’

माझ्या शेजारी ज्योती बसायची. चौकस आणि तोंडाळ. तिनं हात वर केला. ‘मग बाई, गोवा पण आपण खालसाच केला ना?’ वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. ‘गोवा आपण मुक्त केला. सिक्कीम विलीन झालं. सातारा खालसा झाला. नकाशात तिघांना रंग एकाच पद्धतीनं लागतो, पण क्रियापद घेणारा निवडतो. ज्यांच्याकडून गेलं ते कुठलं क्रियापद वापरतात, तेही कधी तरी विचारावं. पण ते परीक्षेत लिहू नका.’ आज टीव्हीवर कुठल्या तरी देशानं शेजाऱ्याचा मुलूख आपल्यात घेतल्याची बातमी येते, निवेदक नवा नकाशा दाखवतो, तेव्हा मी आधी क्रियापद ऐकते. बाईंनी लावलेली खोड आहे. कोणी ‘जोडून घेतलं’ म्हणतो, कोणी ‘परत आणलं’ म्हणतो. तिथल्या घरात स्टोव्हपाशी बसलेली बाई काय म्हणते ते काही दाखवत नाहीत.

पण त्या दिवशी मला गोव्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाई पुढं म्हणाल्या, ‘आणि कारण काय दिलं? राजाला पोटचा मुलगा नाही. दत्तक आहे? असेल. साहेबाला तो मान्य नाही.’ त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दत्तक वारस नामंजूर’, आणि खाली रेघ ओढली. ज्योतीनं मला कोपर मारलं. ‘वाट लागली यार तुझी! संस्थान गेलं!’ ती गंमत करत होती, मीही हसले. पण फळ्यावरचे ते तीन शब्द मधल्या सुट्टीत डबा खातानाही डोळ्यांपुढून गेले नाहीत. मी तर मुलगीसुद्धा होते. झाशीच्या राणीनं मुलगा घेतला होता, तो चालला नाही, तर मला कोण विचारणार? बाबांना काही झालं की मी कोणाची?

हे सगळं पोरकट होतं असं म्हणून मी ते कधीच विसरून गेले असते. पण त्याच आठवड्यात भाऊकाका आले. हे बाबांचे थोरले भाऊ. गावी असायचे, शेती आणि देवळाचं काम बघायचे. उंच, दणदणीत आवाजाचे, आणि आपण खोलीत आल्यावर सगळ्यांनी उठायचं असतं असं मनापासून मानणारे. ‘रामाच्या पोटात दुखता म्हणान कळला, दोन दिसांसाठी इलंय,’ असं म्हणत त्यांनी हातातली पिशवी खुंटीला लावली. बाबांना त्यांनीच वाढवलेलं. बाबांना भाऊ आल्याचं किती बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र ती पिशवी बघून धडकी भरली. रक्षणासाठी फौज आली होती, आणि तिला खायला आम्हीच घालणार होतो.

दोन दिवसांचे चार झाले, मग मोजायचं कोणी राहिलं नाही. पिशवीच्या जागी गावाहून ट्रंक आली, ती मी अभ्यासाला बसायचे त्या खिडकीखाली ठेवली गेली. मी स्वयंपाकघरात सरकले. बाबांची खाट ‘आजारी माणसाक वारो लागता’ म्हणून आतल्या खोलीत गेली आणि बाहेरच्या खोलीत भाऊकाकांची पथारी पडली. रेडिओवर आई दुपारी गाणी लावायची, तिथं बातम्या आणि बाजारभाव सुरू झाले. भाजी काय आणायची, दूध कोणाकडून घ्यायचं, दार कधी लावायचं, सगळ्यात त्यांचा सल्ला होता. वाईट असं ते काहीच करत नव्हते, आणि तेच जास्त भयंकर होतं. वाईट केलं असतं तर आईशी बोलता आलं असतं. मग त्यांचा मुलगा चंदू आला, ‘कामधंदो बघूक’. विशीतला, लाजाळू, मुंबईच्या गर्दीला बिचकणारा. संध्याकाळी तो पायरीवर बसून राहायचा आणि मला विचारायचा, ‘नंदा, हंय पोहूक खंय जातत गो?’ मी त्याच्याशी तुटक बोलायचे. मला तो वारस दिसत होता.

मी रात्रंदिवस घाबरलेली होते असं म्हटलं तर आता खोटं वाटेल, पण तसंच होतं. शाळेतून येताना कोपऱ्यावरून आमचं दार दिसलं की मी आधी चपला मोजायचे. जास्त दिसल्या की कॉलनीला एक फेरी मारून मगच घरात शिरायचे. मोरीत तोंड धुताना मी कान बाहेरच्या खोलीकडे लावून ठेवायचे आणि माझं नाव निघालं की नळ बंद करायचे. एकदा तर ‘तिका परत धाडूक व्हया’ एवढं ऐकू आलं आणि मी मोरीचं दार आतून लावून घेतलं. नंतर कळलं की ते गावच्या म्हशीबद्दल बोलत होते. आज हसू येतं. तेव्हा म्हैस निघाली म्हणूनसुद्धा जीव भांड्यात पडला नाही.

शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत होती, आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, ‘आई, बाबांना काही झालं तर आपण खालसा होणार का?’

स्टोव्ह भणभणत होता. आईनं ऐकलं ते ‘खलास’.

तिच्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला. पाठीत असा धपाटा बसला की माझा श्वास अडकला. ‘खलास? बापाबद्दल असं बोलतेस? जीभ झडेल तुझी! तिकडे तो माणूस पेज गिळत नाही आणि तू खलास म्हणतेस?’ मी सांगायचा प्रयत्न केला, पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. मग ती पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली आणि सगळं तोंड पांढरं झालं. मी तिला तसं रडताना पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर मी तो शब्द घरात काढला नाही. भीती मात्र आता दुप्पट झाली, कारण ती सांगायला माणूस उरलं नाही.

बाबांना मुन्शिपालटीच्या इस्पितळात भरती केलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि त्याच्या आधीच्या रविवारी भाऊकाकांनी मुंबईतल्या गाववाल्यांना घरी बोलावलं. आमच्या लोकांत ही रीत आहे. गाव सोडून किती का वर्षं होईनात, लग्न, भांडण, वाटणी, काहीही असलं तरी चार गाववाले बसल्याशिवाय ते झालंसं वाटत नाही. त्यात तात्या म्हणून एक फार वयस्क गृहस्थ होते, गिरणीतून निवृत्त झालेले, त्यांचा शब्द सगळे मानायचे. हे सगळं मला अपेक्षित होतं म्हणा. अपेक्षित नव्हतं ते आदल्या दिवशी घडलं. शाळेतून आले तर दाराशी ओळखीच्या चपला, आणि आत मावशी. शेजारी कोकमाचं गाठोडं, कुळथाची पिशवी. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या वेण्या हातात घेऊन बघितल्या. मी विचारलं, ‘तू कशी काय आलीस?’ ती म्हणाली, ‘भाऊकाकांनी कळवल्यानी, येवन जा म्हणान.’ आई पाठ करून भांडी लावत होती. ती वळली नाही. मला न्यायला माणूस आलं होतं.

रविवारी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली. पुरुष बाहेर, आई आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारात, मी त्यांच्या मागे भिंतीला चिकटून. चंदू बापाच्या मागे, मान खाली घालून. चहा झाला. भाऊकाकांनी घसा साफ केला.

‘रामा इस्पितळात आसा. देवान सगळा बरा करूचा. पण घराक पुरुष माणूस व्हयो. मी म्हणतंय, आप्रेशनाच्या आधी चंदूक दत्तक घेवया. घराणा चालात, ह्या घर घरातच ऱ्हवात.’

तात्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘आणि ह्या चेडू?’

‘चेडू आज ना उद्या लोकाच्या घरी जातला. आता तिची आवस इली हा, ती घेवन जायत. शाळा काय, थंय पण आसा.’

‘तिची आवस मी आहे, भाऊजी,’ आई म्हणाली. भाऊकाकांपुढे ती एरवी बोलायची नाही.

‘तसा न्हय गो,’ भाऊकाका खरंच समजुतीनं म्हणाले. ‘तू वाढवलंस, कोण नाय म्हणता? पण दत्तक म्हणजे काय? होम झालो? भट होतो? गाववाले होते? दोगी बहिणींनी आपापसात केलास, तेका कोण दत्तक म्हणात?’

म्हणजे झालं. साहेबाला मान्य नव्हतं. मी आईला बाजूला सारून पुढं कधी आले ते मला कळलं नाही. त्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर मी ओरडले, ‘म्हणजे आमचं घर खालसा करणार तुम्ही!’

मग एक गाववाले पुटपुटले, ‘खलास? काय बोलता ह्या?’ तात्यांनी कानाला हात लावला. आणि भाऊकाका, ते उंच, दणदणीत भाऊकाका, एकदम खचल्यासारखे झाले. ‘माजो भाव खलास होवचो असा मी म्हणान? माज्या खांद्यावर वाढलो तो,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते मुळीच नको होतं. शत्रू रडला की काय करायचं ते बाईंनी शिकवलं नव्हतं.

‘खलास नाही हो! खालसा, खालसा!’ मी रडत रडत सांगायला लागले. सातारा, नागपूर, झाशी, तैनाती फौज, ट्रंक, खिडकी, सगळं एकात एक. राजाला पोटचा मुलगा नसला की साहेब म्हणतो दत्तक नामंजूर, आणि मग घर घेतो. तात्यांनी शांतपणे विचारलं, ‘बरा. आणि ह्यात सायब कोण?’ मी बोट भाऊकाकांकडे केलं. कोणीतरी हसणार होतं, पण हसलं नाही. भाऊकाका माझ्या बोटाकडे बघत राहिले. तेवढ्यात मागून चंदूचा आवाज आला, अगदी बारीक. ‘बाबा, माका हंय ऱ्हवाचाच नाय. माका कोणी इचारल्यानीच नाय.’

भाऊकाकांना मी त्या काळी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील. आता माझं वय त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मला त्यांचा राग येत नाही. त्यांना घर लाटायचं नव्हतं. भाऊ गेला तर त्याचं नाव बुडेल, या विचारानं ते माझ्याइतकेच घाबरलेले होते. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो तेव्हा त्याच्या भीतीचं ओझं त्या घराला उचलावं लागतं, एवढं मला अजूनही वाटतं.

मावशी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आता ती दारातून पुढं आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तात्यांकडे बघून म्हणाली, ‘भट नव्हतो, ह्या खरा. गाववाले नव्हते, ता पण खरा. माका तरी कोणी इचारल्यान? सासू म्हणाली, दी. मी दिलंय. दूध आटासर मी कोणाक काय बोलूक नाय.’ आईनं चमकून बहिणीकडे बघितलं. हे तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. ‘तर आता इचारया,’ मावशी म्हणाली. ‘तेव्हा ह्या चेडूक बोलूक येय नव्हता. आता येता.’ आणि ती माझ्याकडे वळली. ‘नंदा, माझ्यावांगडा येतंस, की हंयच ऱ्हवतंस?’

इतके दिवस मला जी भीती वाटत होती ती या प्रश्नापुढं काहीच नव्हती असं मला त्या क्षणी कळलं. एका बाजूला आई. तिनं माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळलं होतं. माझ्यावर जरासाही भार पडू नये म्हणून ती सतरंजीच्या काठाकडे बघत होती. दुसऱ्या बाजूला मावशी, आणि तिचा चेहरा माझा होता. तीच हनुवटी, त्याच जुळलेल्या भुवया. ते मी रोज आरशात बघत होते आणि तरी कधी बघितलं नव्हतं. काही बोलले तरी इथलं कोणीतरी मोडणार होतं, आणि ते मी मोडणार होते. स्वयंपाकघरात स्टोव्ह बंद होता. एवढी शांतता आमच्या घरात दिवसा कधी नसायची.

‘मावशी,’ मी म्हटलं. त्याच्यापुढचं वाक्य मी मनात जुळवत होते, की मला शाळा आहे, की बाबांना बरं वाटू दे, असलं काहीतरी. ते मला बोलावंच लागलं नाही. मावशीनं हात वर केला.

‘आयकलास मां सगळ्यांनी?’ ती म्हणाली. ‘माका मावशी म्हटल्यान तेना. आता होम व्हयो तर होम करा.’

तात्यांनी मान डोलावली. ‘झाला तर,’ ते म्हणाले, आणि दुसरा चहा मागितला. त्यांच्या त्या दोन शब्दांनी सगळं मिटलं. आमच्या लोकांत मिटतं ते असंच. भाऊकाका उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आईनंच त्यांना चहा नेऊन दिला.

बाबा त्यातून उठले, हे इथंच सांगून टाकते. ऑपरेशन नीट झालं, ते पुढं बरीच वर्षं जगले आणि मरोळच्या कारखान्यातून रीतसर निवृत्त झाले. बाबा हिंडूफिरू लागेपर्यंत भाऊकाका राहिले, रात्री इस्पितळात बाकावर झोपले, आणि मग चंदूला घेऊन गावी गेले. माझ्या लग्नात माझ्यामागे मामाच्या जोडीनं तेच उभे होते, कोणी न सांगता.

पण त्या रविवारी दुपारी, गाववाले गेल्यावर, आईनं पानं वाढली. आम्ही सगळे जेवलो, मावशी जेवली नाही. भूक नाही म्हणाली आणि मागच्या दारी अळवाच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली. आईनं एका ताटात भाकरी आणि उसळ वाढून ते माझ्या हातात दिलं आणि नुसती खूण केली. मी ताट घेऊन मागे गेले. आता सगळं सुखरूप झालं आहे, आता मावशीला थँक्यू म्हणायला हवं, असल्या काहीतरी शहाण्या विचारात मी होते. मी म्हटलं, ‘बरं झालं तू आलीस. नाहीतर भाऊकाकांनी मला पाठवूनच दिलं असतं.’

मावशीनं ताट घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, जणू एसटीचं वेळापत्रक सांगावं तशी म्हणाली, ‘भाऊकाकांनी कळवल्यानी म्हणान नाय इलंय मी. तुका नेवक इल्लंय. तुझ्यासाठी खाट झाडून ठेवलंय घरात. शाळेत मास्तराकडे बोलान पण इल्लंय.’

म्हणजे सगळ्यांत जास्त हक्क जिचा होता, जिनं नुसतं ‘माझी’ म्हटलं असतं तर तात्यांनीसुद्धा हो म्हटलं असतं, ती न्यायच्या तयारीनं आली होती. आणि तिनं मला विचारलं. मला विचारायची तिला काही एक गरज नव्हती.

‘मग नेलं का नाहीस?’ मी विचारलं.

‘तू मावशी म्हटलंस मां,’ ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं ताट घेऊन पायरीवर बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिनं उसळीत बुडवला आणि खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या खेपेला मला ते कशाचं आहे ते कळलं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती सगळं ताट संपेपर्यंत जेवत होती, आणि मी उठले नाही.